पावणेपाच मात्रांचा ताल

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेतला ऑर्केस्ट्रा. पहिल्या दिवशी पालखी, बैलगाड्यांचा घाट, रात्री तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा हगामा, आणि वर्गणी बरी जमली असेल तर रात्री ऑर्केस्ट्रा. चकचकीत कोट घातलेला निवेदक, ऑक्टोपॅड बडवणारा एक पोरगा, कीबोर्डवर एकजण, एक 'किशोरकुमारचा आवाज' आणि एक 'लताचा आवाज'. जुन्नर-आंबेगावात वाढलेल्या कुणापुढेही हा शब्द उच्चारा, त्याच्या डोळ्यासमोर हेच येणार. त्यामुळे मध्यंतरी मी घरी म्हटलं की सध्या एका फ्रेंच माणसाचा ऑर्केस्ट्रा ऐकतोय आणि त्यात चक्क आपल्याकडचे ताल आहेत, तेव्हा मंचरच्या मावशीने अगदी सहज विचारलं, "कुठली कुठली गाणी घेतात?"

तर मावशी, हे सगळं लिहिणं म्हणजे तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. जरा लांबलंय. चहा ठेवून बस.

त्या फ्रेंच माणसाचं नाव ऑलिव्हिए मेसियाँ. जन्म १९०८, मृत्यू १९९२. विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य संगीतातला फार मोठा रचनाकार. पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, पक्ष्यांचे आवाज ऐकून स्वरलिपीत उतरवायचा आणि पॅरिसच्या संगीत विद्यालयात शिकवायचा. बूलेझ, श्टॉकहाउझेन ही पुढे गाजलेली मंडळी त्याच्या वर्गात बसून गेली. याची एक प्रचंड रचना आहे, दहा भागांची, साधारण ऐंशी मिनिटांची. मोठा वाद्यवृंद, पियानो आणि 'ओंद मार्तनो' नावाचं एक विजेवर चालणारं, भुतासारखं हुंकारणारं वाद्य. ती पहिल्यांदा वाजली अमेरिकेत बॉस्टनला, २ डिसेंबर १९४९ रोजी. वाद्यवृंदापुढे उभा होता लेनर्ड बर्नस्टाइन. आणि तिचं नाव? 'तुरंगलीला'.

मी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. (तुरुंगलीला नव्हे. ती त्याची आधीच होऊन गेली होती, ते पुढे येईलच.) तुरंग म्हणजे घोडा, लीला म्हणजे लीला. पण मेसियाँने हा शब्द काही संस्कृतच्या कोशातून उचलला नाही. हे एका तालाचं नाव आहे. एकशेवीस तालांची एक यादी आहे, तिच्यातलं. आणि ती यादी तयार झाली देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, तेराव्या शतकात.

इथून पुढे मला झोप लागली नाही असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण पुढचे दोनतीन महिने मी घरच्यांना भरपूर पिडलं हे खरं.

यादवांचा राजा सिंघण. त्याचा काळ १२१० ते १२४७. त्याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा एक गृहस्थ होता. हुद्दा 'श्रीकरणाग्रणी'. म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा मुख्य. मूळ घराणं काश्मीरचं. आजोबा भास्कर तिकडून दक्षिणेत आले. (हे 'लीलावती'वाले भास्कराचार्य नव्हेत. त्यांचाही नातू, चांगदेव, याच सिंघणाकडे ज्योतिषी होता. दोन भास्करांचे दोन नातू एका दरबारात!) शार्ङ्गदेवाचे वडील सोढल यादवांच्या चाकरीत होते, मग मुलगाही तिथेच. वैद्यकीही करायचा. आणि हे सगळं सांभाळून त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्यायांचा ग्रंथ: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्हीकडचे लोक ज्याला आपला म्हणतात असा हा बहुधा शेवटचा मोठा ग्रंथ. त्याची सुरुवात मला फार आवडते. स्वरांवर यायच्या आधी हा माणूस गर्भात पिंड कसा तयार होतो, शरीर कसं घडतं, ते सांगतो. वैद्य शेवटी वैद्यच. नाद शरीरातून निघतो, मग आधी शरीर समजून घ्या.

जुन्नरचा आपला सगळा मुलूख तेव्हा यादवांच्याच राज्यात होता. शार्ङ्गदेवानंतर दोन पिढ्यांनी, त्याच यादवांच्या राज्यात, १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. म्हणजे ज्या काळात मराठी अशी भरभरून बोलायला लागली त्याच काळात आणि त्याच मातीत हा हिशेबनीस मात्रांचा हिशेब मांडत होता.

हिशेब हा शब्द मुद्दाम वापरला. तालाच्या अध्यायातली ती यादी देशी तालांची. देशी म्हणजे त्या त्या मुलखात लोकांच्या आवडीने चालणारे, जुन्या शास्त्रातले 'मार्गी' ताल नव्हेत. त्यांची मापं अशी: द्रुत म्हणजे अर्धी मात्रा, लघु एक, गुरू दोन, प्लुत तीन. आणि 'विराम' नावाची एक गंमत. विराम लागला की त्या मापाची निम्मी भर पडते. द्रुताला विराम लागला की अर्ध्याचं पाऊण होतं. आता 'रागवर्धन' नावाचा ताल घ्या. द्रुत, विराम लागलेला द्रुत, पुन्हा द्रुत आणि मग प्लुत. अर्धी, पाऊण, अर्धी, तीन. बेरीज करा. पावणेपाच!

माझे आजोबा ओतूरला आडतीवर हिशेब लिहायचे. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा तोंडपाठ. आम्हाला दहावीला अपूर्णांक अडायचे तेव्हा ते ओट्यावर बसून साडेतीनाचा पाढा म्हणून दाखवायचे आणि आमच्या शाळेची कीव करायचे. त्यांना हा ताल दाखवला असता तर म्हणाले असते, मग त्यात काय? पण ज्या युरोपात ताल म्हणजे दोन-दोन, तीन-तीन, चार-चार अशा समसमान ठोकळ्यांची रांग, तिथे मधेच एका ठोक्याला पाव जास्तीचा चिकटवणं ही केवढी उलथापालथ असेल याची कल्पना करा.

ही यादी पॅरिसला पोचली कशी? 'संगीतरत्नाकर' शतकानुशतकं पोथ्यांत होता. त्याची छापील आवृत्ती पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये काढली, कल्लिनाथाच्या टीकेसकट. संपादक मंगेश रामकृष्ण तेलंग. अप्पा बळवंत चौकातून आपण दर जूनला वह्या-पुस्तकांची ओझी घेऊन यायचो, तिथून आनंदाश्रम हाकेच्या अंतरावर आहे. पुढे १९१३ साली पॅरिसमध्ये लाव्हिन्याक नावाच्या प्राध्यापकाच्या संपादकत्वाखाली संगीताचा एक भलामोठा कोश निघू लागला. त्यात भारतावरचा लेख जोआनी ग्रोसे या अभ्यासकाने लिहिला आणि त्या लेखात शार्ङ्गदेवाच्या एकशेवीस देशी तालांचा तक्ता दिला. नाव आणि त्यापुढे मापं. बस्स. संगीत विद्यालयात शिकणाऱ्या तरुण मेसियाँच्या हाती हा कोश लागला आणि तो तक्ता त्याला जन्माचा पुरला.

एकट्या रागवर्धनातून त्याने काय काय काढलं बघा. आधी तो उलटा केला. प्लुत, द्रुत, सविराम द्रुत, द्रुत. मग तीन मात्रांच्या प्लुताचे एकेक मात्रेचे तीन तुकडे केले. आता डावीकडे एक, एक, एक. उजवीकडे अर्धी, पाऊण, अर्धी. म्हणजे उजवी बाजू ही डाव्या बाजूचीच निमपट, पण अगदी नेमकी नाही, मधला तुकडा पावाने चुकार. शिवाय अर्धी-पाऊण-अर्धी हे उजवीकडून वाचा नाहीतर डावीकडून, तेच. झालं. जास्तीची मात्रा चिकटवणं, ताल अर्धवट प्रमाणात लहानमोठा करणं आणि उलटा केला तरी न बदलणारा ताल. त्याच्या अख्ख्या संगीतविचाराचे हे खांब, आणि १९४४ सालच्या त्याच्या संगीततंत्रावरच्या पुस्तकात त्याने ते या पावणेपाच मात्रांच्या तालावरच उभे करून दाखवले आहेत. उधारी लपवली नाही, हे महत्त्वाचं. नावानिशी कबुली दिली.

दुसरा एक ताल, सिंहविक्रीडित. त्यात एक माप वाढत जातं, पुन्हा कमी होतं आणि मधलं एक माप आपलं तेवढंच राहतं. यावरून मेसियाँला तालातली पात्रं सुचली. एक ताल वाढतो, दुसरा आक्रसतो, तिसरा नुसता बघत उभा. तो याला रंगमंचावरची तीन माणसं म्हणतो. एकजण मारतो, एकजण मार खातो, तिसरा हलत नाही. मला वाचताना सारखा वग आठवत होता. राजा, सोंगाड्या, आणि मागे कानावर हात ठेवून 'जी जी' करणारा झीलकरी. 'तुरंगलीले'त ही मंडळी वाद्यवृंदभर धिंगाणा घालतात.

आता ती तुरुंगाची गोष्ट. १९४० मध्ये फ्रान्स पडला, मेसियाँ सैन्यात होता, जर्मनांच्या हाती लागला. ग्योर्लिट्झ गावाजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेला. तिथे कैद्यांतच एक व्हायोलिनवाला, एक चेलोवाला आणि एक क्लॅरिनेटवाला निघाला. या चौघांसाठी त्याने जी रचना केली तिचं नाव 'काळाच्या अंतासाठी चौकडा' असं काहीसं करता येईल. १५ जानेवारी १९४१, कडाक्याची थंडी, समोर कैदी आणि पहारेकरी. पहिला भाग सुरू होतो आणि पियानोवर सतरा मापांची एक ओळ पुन्हापुन्हा फिरत राहते. ती सतरा मापं कुठली? रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. तीन देशी ताल जोडून केलेली. त्या सतरा मापांवर एकोणतीस स्वरगुच्छांची दुसरी ओळ फिरते. सतरा आणि एकोणतीस, दोन्ही मूळ संख्या, म्हणजे दोन्ही ओळी पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ ठोके लागणार. भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. काळ संपतो ही कल्पना त्याने अशी गणिताने मांडली. रहाट फिरतोय, पण आपण त्याचा एक फेरासुद्धा पुरा होताना बघणार नाही.

देवगिरीच्या राजवाड्यातली यादी, बर्फातल्या कैदखान्यात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. अभिमानही वाटला. आपल्याकडचं, आपल्याकडचं, असं.

इथे थोडं थांबायला हवं. कारण 'आपल्याकडचं' म्हणजे काय हा प्रश्न मला लगेच पडला नाही. पडायला बराच वेळ गेला.

आपला मुलूख तसा देवाणघेवाणीला जुनाच सरावलेला. नाणेघाटातून माल चढायचा, जुन्नरला यायचा, पुढे पैठणला जायचा. घाटातल्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीने यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडे कोरून ठेवलेत. तोही एक हिशेबच. आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे तीन लेख आहेत. एका इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याचा दर्शनी भाग. एवढ्या लांबून आलेली माणसं, आणि द्यायचं काय तर पाण्याची टाकी. मला हे दान फार आवडतं. त्या टाक्यातलं पाणी कुणी प्यायचं याची अट घातलेली नाही. (मेसियाँचे दुसरे लाडके ताल प्राचीन ग्रीकांचे होते. यवनांचे छंद आणि देवगिरीचे ताल तो एकाच पानावर मांडायचा. जुन्नरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही.)

संस्कृतचं म्हणाल तर आळ्याला रेड्याची समाधीच आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो हा रेडा, परतीच्या वाटेवर आळ्याला त्याने देह ठेवला, अशी आपल्याकडची श्रद्धा. म्हणून फिलिप ग्लास या अमेरिकन रचनाकाराचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा १९८० साली रॉटरडॅमला झाला आणि त्यात गांधीजींचं काम करणारा गायक गोऱ्या समूहगायकांबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गीतेतलं संस्कृत गातो, हे कळल्यावर आमच्या आळ्याच्या मामांची प्रतिक्रिया "बरं मग?" इतकीच होती. ग्लास मात्र रविशंकरांबरोबर काम करून शिकला होता, १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये. त्याच्यासमोर जिवंत माणूस बसला होता. इंग्लंडच्या होल्स्टने त्याआधी ऋग्वेदाच्या ऋचा समूहगायनासाठी बांधल्या, सावित्रीवर छोटा ऑपेरा केला, त्यासाठी लंडनमध्ये बसून संस्कृत शिकला. रविशंकरांनी १९७१ मध्ये सतार आणि लंडनचा वाद्यवृंद एकत्र आणला. मुंबईला एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला आणि त्याच्यासाठी झाकीर हुसेन यांनी २०१५ मध्ये तबल्याची रचना केली, 'पेशकार'. ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिथे वाद्यवृंदाला ताल सांगणारा माणूस स्वतः मध्यभागी बसून तबला वाजवत होता.

मेसियाँचं तसं नव्हतं. त्याला ताल मिळाले ते कागदावर. यात त्याचा दोष काही नाही, पण फरक फार मोठा पडतो. आपल्याकडे ताल म्हणजे आवर्तन. तो फिरतो, समेवर येतो, त्याच्यावर गाणारा गातो, नाचणारी नाचते, हाताने टाळी-खाली दाखवली जाते. मेसियाँने ती मापं म्हणजे एकेका स्वराची लांबी असं धरलं. जात्याचा खुंटा काढून त्याने त्याची काठी केली म्हणा ना. काठी सुरेख झाली, त्याने तिच्या आधाराने डोंगर चढून दाखवला. पण जातं नाही राहिलं. 'पाच रेशां' म्हणून बारा गळ्यांसाठी त्याची एक रचना आहे, १९४८ ची. त्यात फ्रेंचमध्ये मधूनच स्वतः बनवलेली संस्कृतसारखी वाटणारी अक्षरं पेरलेली आहेत. अर्थ नाही, नुसता नाद. ऐकायला अप्रतिम. तरी ते ऐकताना मला वाटत राहतं, की हा माणूस दाराबाहेर उभा राहून आतलं बोलणं ऐकतोय.

गंमत म्हणजे शार्ङ्गदेवाने हात सांगितले होते! ताल पाचव्या अध्यायात, आणि वाद्यांच्या सहाव्या अध्यायात पटह, हुडुक्का यांच्यावर हात कसा मारायचा, कुठल्या आघाताचा बोल कुठला, हे सगळं आहे. मेसियाँने मात्र उचलला तो पाचव्यातला तक्ता. यादी गेली, हात राहिले. आणि आपल्या इथेही काही वेगळं झालं नाही. त्या एकशेवीसपैकी बहुतेक ताल इथल्या वापरातूनही केव्हाच गेलेले होते. आनंदाश्रमाने ग्रंथ छापला तेव्हा पुण्यातल्या मैफिलीत कुणी रागवर्धनात गात नव्हतं. भातखंड्यांसारखा माणूस सांगून गेलाच, की ग्रंथातलं आणि गाण्यातलं आता जुळत नाही.

मग हात गेले कुठे?

शार्ङ्गदेवाने अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवलंय, की गाणं, वाजवणं आणि नाचणं हे तिन्ही मिळून संगीत. हे वाचलं आणि मी जरा ओशाळलो. कारण तिन्ही एकत्र, एका फळीवर, मी आयुष्यात कुठे बघू शकलो असतो तर ते माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. नारायणगावात.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. त्यातल्या भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म १९३५, म्हणजे ग्योर्लिट्झच्या छावणीत रागवर्धन वाजत होता तेव्हा ती पाच वर्षांची पोर होती, घुंगरांच्या आवाजात वाढणारी. पुढे राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा सन्मान झाला. वग ऐन रंगात असताना कनातीमागे बाळंत होऊन पुन्हा फळीवर उभी राहिलेली बाई म्हणून तिची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ साली ती वारली, आणि मग शासनाने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. हे आपल्याकडे असंच होतं.

मी विठाबाईंचा तमाशा बघितला नाही. एकदाही नाही. आमच्या घरात तमाशा या शब्दाला बंदी होती. आजोबा भजनात टाळ वाजवायचे, एकादशी मोडायचे नाहीत, आणि जत्रेत तमाशाच्या रात्री आम्हा पोरांना माडीवर झोपवून खाली कडी लावायचे. ढोलकी मात्र ऐकू यायची. कडी लावून ढोलकी थांबत नाही. मी अंथरुणात पडून मांडीवर बोटांनी धरायचा प्रयत्न करायचो, कडकडाट झाला की हात चुकायचा. "मांगा-महारांचं, कोल्हाट्यांचं वाजवणं" हे शब्द आमच्या घरात कुणी वाईट हेतूने उच्चारले असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. तसेच हवेत असायचे ते. आज ते लिहिताना हात अडखळतो. घरच्या मंडळींपैकी कुणाला हे वाचून वाईट वाटलं तर वाटू दे, खरं आहे ते.

आणि आता मला अभिमान कशाचा, तर आपले ताल फ्रान्समध्ये वाजले याचा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी कागदावर गेलेला ताल पुण्यात छापला जातो, पॅरिसच्या कोशातून जर्मन कैदखान्यात जातो, बॉस्टनला वाजतो, तबकडीवरून पुण्यात माझ्या हेडफोनमध्ये येतो, तेव्हा मी त्याला उठून नमस्कार करतो. आणि चार कोसांवरचा ताल खिडकीतून येत होता तेव्हा खाली कडी होती.

तर मागच्या चैत्रात मी नारायणगावला गेलो. एका मित्राच्या गावची सुपारी ठरवायची होती, त्याच्याबरोबर. राहुटीत गाद्या, तक्के, भिंतीला फडाचं पोस्टर, टेबलावर तारखांची वही. बोलणी चालू होती, तारीख आणि रकमेवर घासाघीस. कोपऱ्यात एक म्हातारे ढोलकीवाले ढोलकीच्या वाद्या ओढत बसले होते. सत्तरीच्या पुढचे असावेत. मी जवळ जाऊन बसलो, नमस्कार केला. इकडतिकडचं बोलून मग विचारलं, "बाबा, ते मघाशी तुम्ही वाजवलंत ते किती मात्रांचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मात्रा वैद्याकडं," म्हणाले. "आमच्यात बाईच्या पायाकडं बघायचं."

मला शार्ङ्गदेव आठवला, तोही वैद्यच, पण हे त्यांना काय सांगणार. मी म्हटलं, एक जुना ताल आहे, ऐकता का? आणि त्यांच्या गादीच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या पेटीवर बोटांनी रागवर्धन वाजवला. अर्धी, पाऊण, अर्धी, तीन. महिनाभर घरी सराव केला होता, त्यामुळे बरा आला. परत एकदा वाजवला. कुठला, काय, मी काही सांगितलं नाही.

बाबांनी मान एका बाजूला कलती केली. तिसऱ्यांदा मी सुरू केला तसा त्यांनी ढोलकीवर हात ठेवला. शाईच्या बाजूला हलकेच. तीन-चार फेऱ्या माझ्याबरोबर आले, मग मधेच थांबले.

"ह्यो लंगडतोय," म्हणाले.

"हो. तसाच आहे तो."

"लंगडू दे की. पर नाचणारीनं पाय कुठं टाकायचा?"

पुन्हा वाजवायला सांगितलं. मी वाजवला. शेवटच्या तीन मात्रांच्या पोटात त्यांनी बोटाने काहीतरी भरलं, आणि अगदी शेवटाला, मी पहिल्या द्रुतावर यायच्या आत, धुमाच्या बाजूने एक बारीकसा घुमारा दिला. पाव मात्रेचा. एवढासाच. आणि तो ताल एकदम उभा राहिला. पाच झाले होते.

"पाव कमी व्हता," ते म्हणाले, "त्येवढा मी घातला."

मेसियाँ ऐकता तर कळवळला असता. त्याचं सगळं संगीतच त्या कमी पडणाऱ्या पावावर उभं. मी मात्र वाजवत राहिलो, ते भरत राहिले. तितक्यात तिकडे रक्कम ठरली, मित्राने इसार दिला, चहा आला. बाबांनी ढोलकी बाजूला ठेवली, कप बशीत ओतला आणि मला विचारलं, "कुठल्या गावचं म्हणायचं तुम्ही?"

मी गाव सांगितलं.

"आलोय की," ते म्हणाले. "दोनदा. शाळेमागच्या पटांगणात कनात लागली व्हती."